जावयानं बांधलेला हार

आमचे जावई प्रभू यांना एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरात गेलं की त्यांना झाकलेलं काही बघवत नाही. स्वयंपाकघरात शिरले की पातेल्यावरचं झाकण उचलतात, वास घेतात आणि मीठ कमी आहे म्हणतात. टीव्हीच्या मागं डोकं घालून वायरी हलवतात. दारात गाडी दिसली की तिचं बॉनेट उघडतात. उघडून दोन्ही हात कमरेवर ठेवतात आणि आत बघत उभे राहतात, जसं काही आत विहीर आहे, तिच्यात कुणीतरी पडलंय आणि त्याला वर काढायचं की नाही ते यांनीच ठरवायचं आहे.

पुण्याकडं गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते नोकरीला आहेत. तिथं ते भाग करत नाहीत, बसवत नाहीत, तपासतही नाहीत. खोक्यांवर ज्या चिठ्ठ्या चिकटवतात त्यांचं खातं यांच्याकडं आहे. पण सोलापूरच्या शिवेत पाय पडला की अख्खी कंपनी यांच्या खिशात असते. मी ऐकून घेते. लेक दिलेली आहे. आमच्यात जावयाला उलट उत्तर करायची रीत नाही, आणि ही रीत ज्यानं काढली त्याला जावई नसणार एवढं मला नक्की कळलंय.

गाडी आमच्या मालकांनी घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. पांढरी, पेट्रोलवरची, रंग जरा उडालाय, पण कधी वाटेत बसली नाही. माझा मुलगा महेश्वर होटगी जंक्शनला रेल्वेत आहे. रुळावरची गाडी तेवढी त्याला समजते. रस्त्यावरच्या गाडीचं स्टेअरिंग हातात दिलं की त्याच्या तळव्याला घाम सुटतो. म्हणून गाडी चालवते माझी सून, सिद्धेश्वरी. मी शिक म्हणाले, ती शिकली. मी कुणाला शिक म्हणाले आणि ते शिकलं नाही असं आमच्या घरात होत नाही. महेश्वर सोडून.

होटगीला आमची भाकरीची शेड आहे. कडक भाकरी. ज्वारीची, बाजरीची, पापडासारखी पातळ. तव्यावर भाजून, वाळवून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. मी स्वतः थापून थापून हे काम उभं केलं, आता माझ्या हाताखाली तयार झालेल्या बायका थापतात आणि मल्लव्वा त्यांच्यावर लक्ष ठेवते. माझ्या वाटणीचं लक्ष मी फोनवरून ठेवते. सिद्धेश्वरी सकाळी शेडवर जाते आणि भाकरीचे खोके गाडीत घालून शहरात दुकानांना देत येते. ही भाकरी नव्या नवरीपेक्षा नाजूक. रिक्षात घातली तर उतरवताना पीठ निघतं. एसटीची तर गोष्टच नको. मोडकी भाकरी दुकानदार घेत नाही, तोंड वाकडं करून परत देतो. तेव्हा गाडी चालली तर शेड चालणार. गाडी थांबली की बायका आपापल्या घरी, आणि सिद्धेश्वरी चुलीपुढं, माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर. मला ती डोळ्यांसमोर दिवसभर नको आहे आणि तिलाही मी नको आहे. म्हणूनच आमचं दोघींचं बरं चाललंय.

तर यंदा दसऱ्याला लेक अक्षता आणि जावई आले. खंडेनवमीला आमच्याकडं लोखंडाची पूजा असते. विळी, कात्री, शेडवरचे तवे, आणि गाडी. गाडीला बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढायचे, कुंकू लावायचं, बाहेरून झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. दरवर्षी महेश्वर हे करतो. यंदा जावई घरात, म्हणून मान त्यांचा.

मान हातात आला आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

"मामी," ते म्हणाले, "बॉनेटला हार घालणं म्हणजे माणसाच्या शर्टाला हार घालण्यासारखं आहे. जीव आत आहे. हार इंजिनला पाहिजे."

महेश्वर मान हलवत म्हणाला, "दाजींचं बरोबर हाय की."

महेश्वरला दाजींचं सगळंच बरोबर वाटतं. उद्या ते म्हणाले की रूळ लाकडाचे असतात, तर हा नोकरीवर जाऊन रुळाला वाळवी लागली का बघेल.

हाराचं एक टोक जावयांनी एका लोखंडी पट्टीला बांधलं. दुसरं टोक कुठं बांधायचं सापडेना. मग आत एक रबरी नळी होती, करंगळीएवढी, वर आलेली. त्यांना ती आवडली. हाराचा दोरा तुटला तेव्हा त्यांनी माझ्याकडून तार मागितली, पक्कड मागितली, आणि हार त्या नळीला तारेनं पिळून पिळून बांधला. पंख्यात पडू नये म्हणून, असं म्हणाले.

सिद्धेश्वरी बाजूला आरतीचं ताट घेऊन उभी होती. "भाऊजी, आत गरम व्हतंय," ती म्हणाली. "हार करपंल की."

"वहिनी, तुम्ही गाडी चालवा. इंजिनचं आम्ही बघतो."

आणि पुण्याला जाताना बजावून गेले. पूजेचा हार आहे, कुणी हात लावायचा नाही, पुढच्या खंडेनवमीला मी स्वतः येऊन उतरवणार. देवळातला पुजारी रोजचा हार रोज उतरवतो. आमच्या जावयांचा हार वर्षभराचा.

दसरा होऊन थोडे दिवस गेले आणि दुकानांतून भाकरी परत यायला लागली. आधी एखादी, मग थप्पीच्या थप्पी. मी मल्लव्वाला फोनवर फाडून खाल्लं. तवा तापला नसंल, पीठ जुनं असंल, बायका गप्पा मारत थापत असतील. मल्लव्वा कानडीत रडायला लागली. ती चिडली की मराठी बोलते आणि रडली की कानडी, म्हणून मला कळलं की ती खोटं बोलत नाही.

मग सिद्धेश्वरी म्हणाली, "आत्याबाई, गाडी थरथरायलीय. उभी ऱ्हायली की लई थरथरते."

"आन चालताना?"

"चालताना कायबी न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर होटगीला गेले. येताना एक खोका मांडीवर घेतला आणि झाकणावर कान टेकून बसले. शेडपासून आसरा चौकापर्यंत रस्त्याला खड्डे काय कमी आहेत? माझी कंबर बोलली, भाकरी बोलली नाही. खड्ड्यात काय होतं, अख्खी थप्पी एकदम उचलते आणि एकदम बसते. मध्ये फडकी घातलेली असतात, तिला काही होत नाही. सात रस्त्याला सिग्नलवर गाडी उभी राहिली आणि मग सुरू झालं. हिवताप भरल्यासारखी गाडी हलायला लागली. आरसा हलतोय, गिअरचा दांडा हलतोय, माझे दात हलतायत, जे आहेत ते. आणि खोक्यात एकेक भाकरी दुसरीवर घासतेय. कट्. जरा वेळ काही नाही. परत कट्. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली, आणि खोका गप्प.

मी एवढंच समजले की खोट चालण्यात नाही, उभं राहण्यात आहे. पुढचं काम गॅरेजवाल्याचं.

होटगी रोडला जोतीरामचं गॅरेज आहे. जोतीराम बोलायला इतका गोड की गाडी दुरुस्त होऊन आली की नुसतं त्याचं बोलणं ऐकून आली, हे दोन दिवस कळत नाही. त्यानं बॉनेट उघडलं. आत हार होता, वाळून तपकिरी झालेला, करपल्याचा वास मारत होता. जोतीरामनं आधी हाराला हात जोडले. मग इंजिनकडं बघितलं. "अव्वा, स्लोला मिसिंग मारतीय," तो म्हणाला. हे त्यांचं बोलणं. गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं त्याला ते स्लो म्हणतात, आणि मधेच एखादा ठोका चुकला की मिसिंग. मला ते कळलं. माझ्या घरातली निम्मी माणसं तशीच चालतात.

त्यानं प्लग बदलले. हवेची जाळी बदलली. हवा जिथून आत जाते ती जागा फवारा मारून साफ केली, आतून काळं पाणी निघालं ते मला दाखवलं, जणू काही त्यानं जावळ काढलं होतं. गाडी एक दिवस बरी वागली. दुसऱ्या दिवशी परत सात रस्त्याला कट् कट्.

परत गेलो. जोतीराम म्हणाला, "अव्वा, मग फाउंडेशन गेलंय." म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते. ते बदललं. काही फरक नाही. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाला दिवाळीनंतर बघू, आता गर्दी हाय. आजार कळला नाही की डॉक्टर हवापालट सांगतो, आणि गॅरेजवाला सण सांगतो.

तेवढ्यात भाऊबीज आली. अक्षता भावाला ओवाळायला आली आणि तिच्या मागनं जावई आले. महेश्वरनं दारातच सांगितलं, "दाजी, गाडी लई हलायलीय." मी घरात एवढी मोठी बसलेय, तीन वेळा गॅरेजला जाऊन आलेय, त्याचं काही नाही. दाजी आले, आता गाडीचा उद्धार झाला.

जावयांनी चप्पलसुद्धा काढली नव्हती. गाडी चालू केली. बॉनेट उघडलं. हात कमरेवर. हार बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, हार तसाच ठेवलाय." मग तो हार दोन बोटांनी हळूच बाजूला करून, तुटू नये अशा बेतानं, त्यांनी आत वाकून बघितलं, परत नीट जागेवर ठेवला आणि तोंड आंबट केलं.

"वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात का?"

सिद्धेश्वरी दारात उभी होती. "न्हाई की," ती म्हणाली.

"बायकांना कळत नाही, पाय आपोआप जातो. हाफ क्लच. त्यानं सगळा लोड इंजिनवर येतो. इंजिन बसलं आता. ह्यात पैसा घालण्यात अर्थ नाही. महेश्वर, विकून टाका. आमच्या ओळखीत एकजण आहे, जुन्या गाड्या घेतो."

महेश्वर म्हणाला, "दाजी म्हनत्यात तर तसंच आसंल." आणि गाडीतली किल्ली काढून, खुंटीवरची दुसरीही घेऊन स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातली. गाडी चालवता येत नाही, पण किल्ली ठेवता येते. तेवढ्यानंही पुरुषाला बरं वाटतं.

ताटं वाढली होती, गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळाची खीर, निवत होती आणि लेक माझ्याकडं बघत होती. जेवताना जावई बोलत होते. क्लच म्हणजे काय, पिकप म्हणजे काय, बायका गाडी का मारून टाकतात. हुग्गीत तूप कमी आहे असंही मध्ये एकदा म्हणाले. वाढता वाढता सिद्धेश्वरीचा हात थांबला नाही. पण स्वयंपाकघरात आल्यावर तिनं पळी खाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून मला विचारलं, "आत्याबाई, उद्या शेडला काय सांगू?"

"काय सांगायचं?"

"गाडी इकली तर बायकांला घरीच बसवावं लागंल. मल्लव्वाला कोन काम देनार ह्या वयात?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी क्लचवर पाय ठेवत न्हाई. तुमी बसलाव नव्हं माझ्या शेजारी."

मी तिच्या शेजारी बसले होते ते खोक्यावर कान ठेवून. पाय कुठं बघितलेत मी? पण ती खोटं बोलत नाही. तिला खोटं बोलायला येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. सासूला ताकातलं पाणीसुद्धा खरं सांगते.

मी म्हणाले, "शेडला काय सांगू नको. पीठ भिजवायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई चहा घेत बसले होते, चहा पाणचट आहे असं म्हणत. मी पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढं बसले.

"प्रभू, एक इचारू का? तुमच्यासारखं जानतं मानूस घरात असताना गाडी अशीच इकायची म्हंजे बरं दिसंना. त्या जोतीरामला काय कळत न्हाई. जायच्या आदी त्याला जरा समजावून सांगा की. गाडी कशानं गेली, बायका काय करत्यात, समदं. त्याच्याबी ग्यानात भर पडंल."

जावयांची मान एका बाजूला झाली. असं कुणी बोललं की त्यांची मान अशी होते, लाडावलेल्या बोकडासारखी. "चला की मामी," ते म्हणाले. "मेकॅनिक लोकांना कुणीतरी सांगायलाच पाहिजे."

मी शेडवरच्या अख्ख्या भाकरीची एक थप्पी फडक्यात बांधून बरोबर घेतली. महेश्वरनं एक किल्ली सिद्धेश्वरीला दिली, गॅरेजपर्यंतच, असं म्हणून. आम्ही चौघं गेलो. वाटेत सिग्नल लागला, गाडी थरथरली, आणि जावई मागून म्हणाले, "बघा, क्लच." सिद्धेश्वरी हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलला टाकून, दोन्ही पाय मागं घेऊन बसली होती. या वेळी मी बघत होते.

गॅरेजमध्ये मी गाडी चालू ठेवायला लावली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. गाडी रिकामी, दारं उघडी, आणि उभ्या उभ्या हलतेय.

"प्रभू," मी म्हणाले, "आता आत कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग क्लचवर पाय कुनाचा हाय?"

जोतीराम हसला आणि लगेच खोकला. जावई म्हणाले, "तसं नसतं मामी. आधी जे झालंय त्याचा परिणाम आता दिसतो."

"दसऱ्याच्या आदी का दिसंना? ती दोन वर्सं चालवतीया."

"हळूहळू होतं ते."

"बरं," मी म्हणाले. मग जोतीरामकडं वळले. "तू सांग रं. ह्या बॉनेटखाली काय काय काढून बघितलंस?"

"समदंच की अव्वा. प्लग बघितलं, जाळी बघितली, वायरी हलवून बघितल्या, पाईप बघितलं..."

"समदं पाईप?"

"समदं. म्हंजे..." तो हाराकडं बघून थांबला. "हाराखालचा एक न्हाई."

"का न्हाई?"

"हार कसा काढनार अव्वा? पूजेचा हाय. कुनी बांधलाय काय, कशासाटी बांधलाय काय. आमी गरीब मानसं, आमच्या हातनं उगं कायतरी व्हायचं. मी आपलं बाजूबाजूनं काम केलं."

बाजूबाजूनं. तीन वेळा गाडी त्याच्याकडं आली, तीन वेळा त्यानं तो हार बघितला, हात जोडले आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं बदललं. देवाला फुलाचा भार होत असेल असं त्याच्या मनात आलं नाही. महेश्वरनं बघितला, सिद्धेश्वरीनं बघितला, जावयांनी तर काल दोन बोटांनी उचलून परत ठेवला. सगळ्यांना हार दिसला, आणि हार दिसला म्हणून नळी दिसली नाही.

मी पुढं झाले. जावई म्हणाले, "मामी, तो मी बांधलाय. खंडेनवमीला मीच—"

"आमच्या घरात निर्माल्य मी उतरवते," मी म्हणाले.

मी हार धरला आणि ओढला. एक टोक पट्टीवरून सुटलं, वाळलेल्या पाकळ्या इंजिनवर सांडल्या. दुसरं टोक निघेना. तार होती ना, पक्कडीनं पिळलेली. मी जोर लावला. फट्ट झालं, आणि हाराबरोबर रबरी नळीचा तुकडा माझ्या हातात आला. गाडी एकदम आचके द्यायला लागली, आता बंद पडते मग बंद पडते अशी. आणि आतून फुसफुस आवाज, साप डिवचल्यासारखा.

जावयांचा आवाज चढला. "बघा, आता गेली पूर्ण. म्हणून म्हणत होतो हात लावू नका."

जोतीराम मात्र आत वाकला होता. आवाज जिथून येत होता तिथं त्यानं हात घातला आणि नळी जिथं तुटली होती त्या भोकावर आपला अंगठा दाबला.

गाडी शांत झाली. एवढी शांत की मला वाटलं बंद पडली. रस्त्यावरचा फटफटीचा आवाज ऐकू यायला लागला. जोतीरामनं अंगठा काढला, गाडी परत हिवतापानं हलली. अंगठा ठेवला, शांत. काढला, हलली. तो पोरासारखा खेळत बसला असता, मी म्हणाले, "कळलं, ठेव आता."

"अव्वा, एअर घेत हुती," तो म्हणाला. आणि मग त्याच्या गोड आवाजात, जणू हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, समजावून सांगायला लागला. इंजिन आपल्या मापानं हवा आत घेतं आणि त्या मापानं पेट्रोल घेतं. नळीला भेग पडली की चोरून जास्तीची हवा आत जाते. गाडी पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की त्यात ही चोरी खपून जाते. गाडी उभी राहिली की इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात ही जास्तीची मिसळली की माप बिघडतं आणि ठोके चुकतात. आणि भेग कशानं पडली तर, त्यानं हारातली तार उलगडून दाखवली, "ही रबरात घुसली बगा. इंजिन हाललं की ही कापायची."

सगळ्यांनी तार बघितली. तार माझ्याच घरची, पक्कड माझ्याच घरची. पिळणारे हात कुणाचे ते सगळ्यांना माहीत होतं. महेश्वर आपल्या बुटाकडं बघत होता. रेल्वेतला माणूस असून त्याला खाली बघितल्यावर काही सापडत नाही.

जावयांना सापडलं. ते म्हणाले, "पाईपची क्वालिटीच खराब आहे. चांगल्या कंपनीचा पाईप असता तर तारेनं काही झालं नसतं. आणि क्लचचं मी म्हटलं ते चुकीचं नाही. तोही प्रॉब्लेम असणारच. वहिनींनी जरा सवय बदलली तर..."

सिद्धेश्वरी गाडीच्या पलीकडं उभी होती. तिनं वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. माणूस दमला की जसा दिसतो तशी दिसत होती.

मी जोतीरामला म्हणाले, "नळी घाल नवी."

त्यानं नवी नळी मापानं कापली, दोन्ही टोकांना कडी आवळली. इंजिनवरच्या पाकळ्या फुंकून काढल्या. गाडी चालू केली. मी फडकं सोडलं, भाकरीची थप्पी थेट इंजिनच्या वरच्या झाकणावर फडक्यासकट ठेवली आणि कान लावला. गरम वाफ तोंडावर येत होती. भाकरी गप्प होती. मी महेश्वरला म्हणाले कान लाव. त्यानं लावला. जोतीरामला म्हणाले लाव. त्यानंही लावला. मग जावयांकडं बघितलं.

"लावा की."

"मामी, हे काय टेस्टिंग आहे का?"

"लावा."

त्यांनी वाकून कान लावला. जावई माणूस, इस्त्रीचा शर्ट, बॉनेटखाली भाकरीवर कान. मग उठून शर्ट झटकला. मी वरची भाकरी उचलून उजेडात धरली. अख्खी. दुसरी उचलली. अख्खी. शेवटची मोडून त्यांच्या हातात दिली, कारण भाकरी मोडायची तर खाण्यासाठी मोडायची असते. त्यांनी घेतली आणि धरून उभे राहिले. मीठ कमी आहे असं या वेळी म्हणाले नाहीत.

मग मी महेश्वरपुढं हात केला. गाडीत किल्ली होतीच, पण दुसरी त्याच्या खिशात होती, मला माहीत होतं. त्यानं काढून दिली. ती मी सिद्धेश्वरीला दिली आणि म्हणाले, "दोन्ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मल्लव्वा वाट बघत असंल, जा तू, आमी रिक्षानं येतो." ती गेली. गॅरेजच्या तोंडाशी वाहनं जायची म्हणून जरा वेळ उभी राहिली, आणि गाडी उभी असतानाही आरसा हलला नाही. मी बघितलं.

मग मी जावयांकडं वळले. हातात तो हार होता, नळीच्या तुकड्यासकट. तो त्यांच्या हातातल्या भाकरीवर ठेवला.

"प्रभू," मी म्हणाले, "तुमी आमचं जावई हाय. घरी चला, पाटावर बसा, हुग्गी वाढते, त्यावर तूप तुमी बास म्हनूस्तवर वाढते, त्यात कमी व्हनार न्हाई. हार चुकून बांधला, त्याचं मला काय वाटत न्हाई, चूक कुनाच्याबी हातनं व्हती. पन तुमी आपली तार माझ्या सुनंच्या पायाला बांधली, आन उघडं पडल्यावरबी सोडवली न्हाई. ते मी इसरनार न्हाई. ती शेडवरनं घरी आली की तिच्यापुढं उभं ऱ्हाऊन म्हनायचं, वहिनी, गाडी तुमी न्हाई, मी बिघडवली. एवढंच म्हनायचं, पाईपची क्वालिटी मधी आनायची न्हाई. आन पुढच्या खंडेनवमीला गाडीची पूजा सिद्धेश्वरी करंल. तुमी या, आमाला आनंदच हाय. लांब उभं ऱ्हावा आन आरतीला टाळी वाजवा."